आग्रहाचे बारा दिवस

रॉकी पर्वत बघायला टोरोंटोजवळच्या आमच्या मार्कहॅमहून लोक जातात ते साधारण एकाच पद्धतीने. विमानाने कॅल्गरी, भाड्याची गाडी, निळं तळं, तळ्यासमोर फोटो, गाडीत बसून थेपले, मग पुढचं निळं तळं. मीही दोनदा अशीच जाऊन आले होते आणि रॉकीज पाहिले असं चारचौघांत छातीठोकपणे सांगत होते. यंदा जुलैत मी तिथे सलग बारा दिवस राहिले, त्यातले निम्मे पावसात, आणि एकाही प्रसिद्ध तळ्यासमोर उभी राहिले नाही. तरी ज्यांना जायचं आहे त्यांनी माझं ऐकावं. तळ्यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत.

माझं जाणं अपघातानेच ठरलं, आणि अपघातही माझा नव्हता. डोंगराळ देशांतल्या शाळकरी मुलांनी एकत्र राहावं, एकमेकांच्या चालीरीती शिकाव्यात, अशा उदात्त हेतूने तिथे एक कॅम्प भरतो. यंदा ऑस्ट्रियाची मुलं होती, जपानची होती, आणि यजमान म्हणून कॅनडाची. कॅनडाची म्हणून जी आठ मुलं निवडली गेली ती आमच्या मार्कहॅमची. मार्कहॅममध्ये सगळ्यात उंच जागा म्हणजे मॉलच्या पार्किंगचा तिसरा मजला. पण अर्ज चांगले लिहिले होते म्हणे. त्या आठांत माझी मुलगी रेवा होती. वय सोळा. बारा दिवस पुरे करणाऱ्या गटाला पुढच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये महिनाभर बोलावणार होते, आणि रेवाने दोन वर्षं दुसऱ्या कशाचाही ध्यास घेतला नव्हता. तिच्या खोलीत आल्प्सचा नकाशा आहे. त्यावर तिने स्वतःच्या हाताने वाटा आखल्या आहेत.

प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवं, नाहीतर गट रद्द, असा नियम. आमच्या गटाचे ठरलेले गृहस्थ निघायच्या आठवडाभर आधी स्वतःच्या बेसमेंटच्या पायऱ्यांवरून घसरले आणि घोटा मोडून बसले. पालकांच्या ग्रुपवर हाहाकार झाला. तेव्हा माझ्या नवऱ्याने मला न विचारता लिहिलं, 'वैशालीची सुट्टी शिल्लक आहे.' नवरा पुण्याचा आहे, दुसऱ्याची सुट्टी उदारपणे वाटतो.

विमानतळावर रेवाने मला बाजूला घेऊन तीन अटी घातल्या.

"वन, सगळ्यांसमोर मला 'बाळा' म्हणायचं नाही. टू, नागपूरच्या स्टोरीज नाही. थ्री, आग्रह नाही. आई, आय ॲम सिरियस. नो आग्रह."

पहिल्या दोन अटी मी लगेच मान्य केल्या. तिसरीवर मी "बघू" म्हटलं, कारण ती माझ्या हातात नव्हती.

पहिला दिवस: कोरडा सत्कार

ज्यांचं बालपण आग्रहाविना गेलं त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी नागपूरची. आमच्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हणणं म्हणजे तो सभ्य घरातला आहे याचा पुरावा. दुसऱ्यांदा 'नको' म्हटलं तर त्याला पदार्थ आवडलेला दिसतो. तिसऱ्यांदाही 'नको' म्हणाला, वर ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर बहुधा पोट भरलं असावं. मग बोटांच्या फटीतून वाढायचं. सासरी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा मी रीतसर "पुरे" म्हटलं, आणि सासूबाईंनी "बरं" म्हणून भाताचं पातेलं आत नेलं. ते दुःख मी अजून विसरलेले नाही.

कॅनडात अठरा वर्षं झाली. इथे एकदाच विचारतात हे मी ऑफिसात केव्हाच शिकले आहे. पण दमलेलं माणूस शिकलेलं विसरतं आणि मूळचं बोलतं. कॅल्गरीहून अडीच तास बसने आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. भोवती काळपट हिरव्या स्प्रूसच्या झाडांची गर्दी, तिच्यावर करड्या दगडाच्या भिंती सरळ उभ्या, आणि जुलै असून त्यांच्या खाचांत बर्फ. लाकडी केबिनी, मधे मोठं जेवणघर. दारात कॅम्पच्या प्रमुख डायान उभ्या होत्या. साठीच्या, आखूड पांढरे केस, हाफ पँट, पोटऱ्या बघून वाटलं या बाईने आयुष्यात लिफ्ट वापरली नसेल.

"चिली उरली आहे, कॉर्नब्रेड आहे. खाणार?" त्यांनी विचारलं. राजम्याच्या त्या तिखट भाजीचा वास मला बसमधूनच आला होता.

"छे छे, कशाला त्रास. विमानात खाल्लं आम्ही," मी म्हणाले. विमानात मी अर्धा पुडा प्रेट्झेल खाल्ला होता.

"ओके!" डायान प्रसन्नपणे म्हणाल्या आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

मुलं बिनधास्त दोन-दोन वाट्या खाऊन बसली होती. मी केबिनमध्ये गेले आणि पिशवीतले डिंकाचे लाडू काढायला हात घातला, तर ते नव्हते. अस्वलांचा मुलूख असल्याने खाण्याची प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, बाहेरच्या लोखंडी पेटीत बंद करण्याचा नियम, आणि माझी पिशवी रेवाने कर्तव्यदक्षपणे आधीच रिकामी केली होती. त्या रात्री त्या डोंगरात एक भुकेली मादी नक्की होती.

दुसरा दिवस: नियम

सकाळी डायानने मोठ्या माणसांना वेगळं बसवून नियम समजावले. भिंतीवर रंगीत फलक होता: एकदा विचारा, उत्तर ऐका, उत्तर पाळा. कोणालाही न विचारता हात लावायचा नाही, मिठीही विचारून. खाण्यापिण्याची, खेळण्याची, गाण्याची, कशाचीही जबरदस्ती नाही. कोणी 'नाही' म्हणालं तर विषय संपला. हे मोडलं तर फॉर्म भरला जाईल. पहिला फॉर्म म्हणजे समज. दुसरा फॉर्म म्हणजे त्या माणसाने घरी जायचं.

"आणि मोठं माणूस गेलं तर?" मी विचारलं.

"तर मोठ्या माणसाविना गट राहू शकत नाही. सो सॉरी," डायान खरोखर दुःखी चेहऱ्याने म्हणाल्या.

नियम चांगलेच होते, हे मी आजही म्हणते. मुलींची आई असलेल्या कुठल्याही बाईला तो फलक घरी नेऊन जिन्यात लावावासा वाटेल. मला एवढंच वाटलं की, नियम करताना त्यांच्यासमोर नागपूर नव्हतं.

दोन दिवस छान गेले. पहाटे थंडीत ओटमील, दुपारी तळ्यात उड्या (पाणी असं की पाय घातल्यावर पाय आहे की नाही ते बघावं लागे), संध्याकाळी शेकोटी. ऑस्ट्रियाची मुलं जेवताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून 'चांगलं जेवण होवो' म्हणत आणि मग एकही शब्द न बोलता जेवत. जपानची मुलं जेवणाआधी हात जोडत, आणि जेवणानंतर पुन्हा. आमची मार्कहॅमची आठ मुलं, म्हणजे दोन तमिळ, तीन चिनी, एक पंजाबी, एक इराणी आणि रेवा, बघून एका ऑस्ट्रियन शिक्षिकेने विचारलं की, कॅनडाचा गट कधी येणार आहे.

चौथा दिवस: पिठलं

प्रत्येक देशाने एक संध्याकाळ आपलं जेवण करून घालायचं होतं. कॅनडाचं म्हणून काय करावं यावर आमच्या मुलांची तासभर चर्चा झाली आणि पॅनकेक रोज नाश्त्याला असतात म्हणून ते बाद झाले. माझ्याकडे दोन किलो बेसन होतं. ते कशासाठी आणलं होतं हे मला विचारू नका; बेसन घरात नसलं की मला परक्यासारखं वाटतं. अशा रीतीने कॅनडा देशातर्फे सर्वांना पिठलं-भात वाढण्यात आला.

लोकांनी आवडीने खाल्लं, हो. ऑस्ट्रियाचा लुकास नावाचा एक उंचच उंच मुलगा तर दोनदा उठून घेऊन गेला. मी भांडं घेऊन फिरत होते. त्याच्यापाशी आले, तो म्हणाला, "नो, थँक यू."

आता बघा, दोनदा मागून घेतलेला, सतरा वर्षांचा, सहा फुटी मुलगा, ताट चाटूनपुसून स्वच्छ. माझ्या हाताने माझा विचार घेतला नाही.

"एवढंसंच रे, घे ना!" आणि पळीभर पिठलं ताटात.

"नो, रियली..."

"बरं, मग भात तरी घे वर, कोरडं कसं खाशील?"

बिचाऱ्याला ताटावर हात कसा आडवा धरतात हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्या आजीच्या घरी ताटात टाकायचं नाही अशी शिस्त, म्हणून त्याने ते सगळं मान खाली घालून संपवलं आणि रात्री पोट धरून नर्सकडे गेला. नर्सने विचारलं, त्याने खरं सांगितलं. सकाळी डायानच्या टेबलावर माझ्या नावाचा फॉर्म होता. 'नाही म्हटल्यानंतर अन्न वाढणे, दोनदा.' मी सही केली. लुकासची माफी मागितली. तो लाल होऊन म्हणाला, "इट वॉज व्हेरी गुड, द यलो."

रेवा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी केबिनच्या पायरीवर येऊन बसली.

"वन मोअर अँड वी ऑल गो होम. तुला कळतंय ना? ऑल एट ऑफ अस."

"कळलं गं."

"मी दोन वर्षं वेट केलंय, आई."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. मी शपथ घेतली. उरलेले दिवस मी एकदाच विचारीन आणि पहिल्या नकाराला कॅनडाच्या घटनेइतका मान देईन.

आठवा दिवस: खिंड

मोठ्या चढाईसाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडले. माझ्या गटात सहा मुलं आली, त्यांत लुकास आणि रेवा. चिठ्ठी उघडल्यावर दोघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले. आणखी एक होती मियू, जपानची, पंधरा वर्षांची. तिच्या गटाचे शिक्षक तनाका-सान दुसऱ्या वाटेने दुसऱ्या गटाबरोबर गेले.

मियूला मी जेवणघरात काही दिवस बघत होते. चणीने लहान, आवाज त्याहून लहान. कोणी काही विचारलं की, "आय ॲम फाइन, थँक यू." सूप हवं का? आय ॲम फाइन. मग वाढणारा पुढे जाई आणि हिची नजर सूपच्या भांड्यामागे शेवटच्या टेबलापर्यंत जाई. ती नजर मी ओळखली. सासूबाई पातेलं आत नेत होत्या तेव्हा माझी अशीच होती. एक आपलं माणूस भेटल्याचा आनंद झाला, पण मी काही केलं नाही. शपथ होती.

आमची वाटाडी ब्रूक, चोवीस वर्षांची, कमरेला अस्वलाला पळवायचा फवारा. अस्वलाला आपण येतोय हे कळावं म्हणून दर वळणावर 'हे बेअर!' असं ओरडायचं. मुलं थोड्या वेळाने लाजायला लागली, तेव्हा ते काम मी घेतलं आणि "बाजूले व्हा जी, माणसं येऊन राहिली!" असं खणखणीत ओरडत गेले. एकही अस्वल आडवं आलं नाही.

दोन तासांनी झाडं संपली. एकाएकी सगळं उघडं झालं. गवताचे उतार, त्यांत लाल-केशरी फुलं, दगडांवर बसून शिट्टी मारणारे, खारीच्या जातीचे जाडे मारमॉट, आणि वर खिंड. इतकी वर्षं मी हे डोंगर गाडीच्या काचेतून पाहिले होते; पायांखाली ते असे ओले, मऊ आणि जिवंत असतात हे मला माहीत नव्हतं. मी थोडा वेळ बोलले नाही. रेवाने त्याचा फोटो काढला.

मग ढग उतरले. आधी पाऊस, मग पावसात बर्फाचे कण, आणि वारा. मियू सगळ्यात मागे होती, मी तिच्या पुढे. तिचा रेनकोट पातळ, आत सुती हूडी, बूट कोणाचे तरी मागून आणलेले. एका विसाव्याला ब्रूकने प्रत्येकाजवळ जाऊन विचारलं, "ठीक आहेस? परत फिरायचं का?" मियू हसून, स्पष्ट आवाजात म्हणाली, "आय ॲम फाइन, थँक यू." ब्रूकने अंगठा वर केला आणि पुढे गेली. पुढे पाच मुलं होती आणि वाट निसरडी होती. तिला मी दोष देत नाही.

मी माझ्या पिशवीत जास्तीचं पिसांचं जॅकेट बाळगून होते. मी मियूला एकदा विचारलं. "नो, थँक यू." मी जॅकेट परत आत ठेवलं.

हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं तेच आहे. तिचे निळे पडलेले ओठ मला दिसत होते. चेन ओढायला तिची बोटं चालत नव्हती तेही दिसत होतं. आणि मी वीस मिनिटं पुढे चालत राहिले. डोक्यात फक्त एवढंच, दुसरा फॉर्म, आठ मुलं, रेवाचा नकाशा. रेवा दोनदा मागे वळून बघून गेली. ती मियूकडे बघत होती की माझ्याकडे, कळलं नाही.

मग मियू एका दगडाला अडखळून खाली बसली. उठेना. बसल्या बसल्या माझ्याकडे बघून हसली.

"मियू, जॅकेट घाल."

"नो, थँक यू."

"बूट ओले झालेत, काढू या?"

"नो, नो. आय ॲम..." पुढचा शब्द दातांच्या थरथरीत गेला.

माझे तीन पुरे झाले होते.

"बस्स झालं," मी मराठीत म्हटलं, आणि मग जे बोलले ते सगळं मराठीतच, वऱ्हाडी वळणाने आणि मोठ्या आवाजात. "काऊन एवढी लाजून राहिली? मरतं का इथं? पाय आण इकडे!" तिचे बूट ओढून काढले, मोजे काढले, पाय पांढरेफटक आणि लाकडासारखे गार होते. ते सरळ माझ्या स्वेटरखाली पोटाला लावले. तिच्या अंगातली ओली हूडी काढून जॅकेट चढवलं, टोपी घातली. थर्मासमधला साखर घातलेला चहा झाकणात ओतून तोंडाला लावला. "पी. मुकाट्यानं पी." ती प्यायली. दुसरं झाकण प्यायली. तिसरं तिने स्वतः हात पुढे करून घेतलं, आणि मग रडायला लागली. मुलं भोवती गोल करून उभी होती.

ब्रूक धावत आली, एका नजरेत तिला सगळं कळलं. तिने ताडपत्री बांधली, रेडिओवर खाली कळवलं, चढाई तिथेच थांबवली. खाली उतरताना मियूच्या गालांवर रंग आला होता. नर्सने तपासून सांगितलं, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं.

संध्याकाळी ब्रूक माझ्या केबिनपाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"तू बरोबर केलंस. मीच बघायला हवं होतं. आणि सॉरी, व्हैशाली, आय ॲम सो सॉरी, पण मला लिहावं लागलं. ती तीनदा नाही म्हणाली आणि तू तिचे कपडे काढलेस."

प्रामाणिक माणसाने केलेली तक्रार फार जिव्हारी लागते, कारण तिच्यावर चिडताही येत नाही.

नववा दिवस: बाक

डायानच्या ऑफिसबाहेर एक बाक आहे. त्यावर मी सकाळी नऊपासून बसले होते. आमची आठही मुलं समोरच्या गवतात बसली होती, कोणी काही खेळत नव्हतं. रेवा गवताची पाती तोडून तोडून ढीग करत होती. आत मियू होती. निकाल तिच्यावर होता: तिला हे खटकलं असेल तर फॉर्म कायम, आणि आम्ही दुपारच्या बसने घरी.

दहा मिनिटांत दार उघडलं. मियू बाहेर आली, मला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. मागून डायान आल्या.

"मी तिला विचारलं, तुझी काही तक्रार आहे का. ती म्हणाली, नो, थँक यू. सो दॅट्स दॅट!" आणि त्यांनी फॉर्म फाडला.

आमच्या मुलांनी जो आरडाओरडा केला त्याने आसपासची अस्वलं पलीकडच्या सस्कॅचेवान प्रांतापर्यंत गेली असतील. रेवाने मला सगळ्यांसमोर मिठी मारली, न विचारता. मला रडू आलं. ज्या नियमाची मी आठवडाभर थट्टा केली, त्यानेच मला वाचवलं होतं.

रात्रीच्या जेवणानंतर भांडी घासताना रेवा शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ तेच एक ताट पुसत होती.

"आई, डायानने तिला किती वेळा विचारलं?"

"एकदा."

"शी सेड नो टू यू थ्री टाइम्स. अँड शी वॉज फ्रीझिंग."

मी नळ बंद केला. तिचं म्हणणं मला सकाळीच, बाकावरून उठतानाच, सुचून गेलं होतं. मी ते तिथेच सोडून आले होते.

"तू विचार ना तिला," रेवा म्हणाली. "प्रॉपरली. तुझ्यासारखं."

"विचारीन. सवड झाली की."

"आणि इफ शी सेज यस?"

"झालं गेलं, आता कशाला उकरून काढतेस? झोप जा," मी म्हणाले.

पुढचे दोन दिवस भरपूर सवड होती. एक दिवस नुसता पाऊसच होता, आम्ही सगळे जेवणघरात बसून पत्ते खेळलो. मियू माझ्यासमोरच्या टेबलावर कागदाचे प्राणी करत होती. मी तिला सूप वाढलं, बिस्किटं दिली, हवामानाबद्दल बोलले. ज्या बाईला पहिला नकार कधी खरा वाटला नाही, तिने मियूचा तो एक नकार देवाच्या प्रसादासारखा पदरात बांधून घेतला होता.

बारावा दिवस: पायरी

शेवटच्या सकाळी झेंड्याखाली सर्टिफिकेटं वाटली. आमच्या आठही मुलांना मिळाली. रेवाचं नाव पुकारलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी घेतलं, जपानच्या मुलांसारखं. जपानची बस दहाला होती. साडेनऊला मियू जेवणघराच्या पायरीवर एकटी बसलेली दिसली, तेव्हा कुठे मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मियू, त्या दिवशी वर मी जे केलं, त्याचं तुला वाईट वाटलं का?"

"नो, नो. थँक यू." ती घाईघाईने हसली.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नो. रियली."

समोर बसमध्ये बॅगा चढत होत्या. तनाका-सान मुलं मोजत होते.

"मियू," मी म्हटलं, "मी तिसऱ्यांदा विचारते आहे."

तिने बसकडे बघितलं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात एवढीशी फट करून दाखवली.

"अ लिटल," ती म्हणाली. मग तुटक इंग्रजीत हळूहळू सांगत गेली. थंडी फार होती, चहा चांगला होता, त्याबद्दल ती कायम आभारी राहील. पण सगळे बघत होते. लुकास बघत होता. हूडीच्या आत तिचा फाटका बनियन होता. तिला मला सांगायचं होतं की, त्यांना फक्त तोंडं फिरवायला सांगा. पण मी फार भराभर बोलत होते, माझ्या भाषेत, आणि फार मोठ्याने. डायानच्या ऑफिसात तिला हे सांगायचं होतं. पण खिडकीतून गवतात बसलेली आमची मुलं दिसत होती.

म्हणजे तिलाही तेच दिसत होतं जे मला खिंडीत दिसत होतं. फरक एवढाच की, मी विचार माझ्या मुलीचा केला आणि तिने परक्या मुलांचा.

मी सॉरी म्हणाले. कॅनडात दाराला खांदा लागला तरी आपण दाराला सॉरी म्हणतो. हा शब्द अठरा वर्षांत मी किती वापरला असेन, पण त्या पायरीवर तो अपुरा पडला. मियूने मान हलवली, "इट्स ओके" म्हणाली. तनाका-सान यांनी हाक मारली. ती बसच्या पायरीवरून पुन्हा एकदा वाकली आणि आत गेली.

कॅल्गरीहून विमान सुटल्यावर रेवाने विचारलं, "विचारलंस तिला?"

मी सगळं सांगितलं, बनियनसकट. रेवा ऐकत होती. सर्टिफिकेटचं निळं फोल्डर तिच्या मांडीवर होतं.

"कधी विचारलंस?"

"आज सकाळी."

"आफ्टर धिस?" तिने फोल्डरवर बोट ठेवलं.

"हो."

"पण तुला माहीत होतं. भांडी घासताना. मी बोलायच्या आधीच तुला माहीत होतं ना?"

"हो, माहीत होतं. तुझ्यासाठीच थांबले," मी म्हणाले. बोलल्यावर ते कसं ऐकू आलं ते मला कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

 रेवाने फोल्डर पुढच्या सीटच्या खिशात सरकवलं आणि टोरोंटोपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना ती बॅग घेऊन सरळ पुढे निघाली. फोल्डर खिशातच होतं. मी ते काढलं आणि गर्दीतून वाट काढत तिला गाठलं.

"रेवा, हे घे."

ती दे म्हणाली नाही, नको म्हणाली नाही, तशीच पुढे चालत गेली. मी अजून एकदाही पुन्हा विचारलेलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.